चारशे सत्त्याण्णव दिवस

आप्पांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस असो, रक्तदाब बघायला आलेले डॉक्टर असोत, की दुसऱ्या मजल्याऐवजी चुकून तिसऱ्यावर चढून आलेला कुरियरवाला, आप्पा त्याला आधी खुर्चीत बसवत, पाणी विचारत आणि मग टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे हनुवटी उडवून म्हणत, "ह्याच्यात माझ्या चौदाशे ओळी आहेत. बावीस वर्षं झाली. अजून एका ओळीवर कुणी बोट ठेवलेलं नाही."

कुरियरवाला "वा काका" म्हणे आणि जिन्याकडे सटके.

सून आतल्या खोलीतून हे ऐकून मनाशी हसत असे. त्या हसण्यात थट्टा नव्हती. आप्पांचं म्हणणं खरं होतं, आणि ते किती खरं आहे हे घरात आप्पांच्या खालोखाल तिलाच ठाऊक होतं. कारण त्या चौदाशे ओळी आता तिच्या ताब्यात होत्या.

ओळी होत्या एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचा सगळा गाडा हाकणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या. ही सिस्टीम कुणा एका कंपनीची नव्हती. देशोदेशीच्या माणसांनी मिळून ती लिहिलेली. कुणीही उघडून वाचावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. आप्पांची हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा दुरुस्त करण्यात गेली होती. दोन यंत्रांनी एका तारेवरून एकमेकांशी कसं बोलावं, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना त्यांनी या सिस्टीमसाठी जुन्या पद्धतीच्या जोडणीचा ड्रायव्हर लिहिला. बाहेरचं यंत्र तारेवरून जे सांगतं ते ऐकायचं आणि कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच त्याचं काम.

त्यानंतर तीन वर्षांनी सून घरात आली. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. अजूनही सकाळी तेच करते. दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच प्रश्न विचारते, "आता बरं दिसतंय, की मघाचं?" केसाएवढा फरक डोळ्यांत भरायची सवय लागलेली बाई. एका दुपारी आप्पांना चहा देताना तिनं स्क्रीनकडे बोट केलं. "आप्पा, या शब्दात एक अक्षर जास्तीचं आहे."

शब्द आप्पांचा नव्हता, शेजारच्या फाईलमधला, दुसऱ्याच कुणाचा होता. आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला काय सांगतेस? त्यांना कळव. दुरुस्ती लिही आणि पाठव."

"मी?"

"मग काय मी? चूक तुला सापडली ना?"

ती दुरुस्ती स्वीकारली जायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी दुकानात जाताना ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

तिथून सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. दुकान दीडला सुटतं. जेवण उरकून ती टेबलाशी बसते ती साडेपाचपर्यंत. नवं काही उभं करणाऱ्याचं नाव होतं, टाळ्या पडतात. हिच्या वाट्याला आलं ते गळतं तिथं लिंपणं. कुठे वापरलेली जागा परत करायची राहिलेली, कुठे शून्याने भागायची वेळ येऊ शकेल अशी फट, कुठे जुन्या पद्धतीची हाक नव्या पद्धतीत बदलून घ्यायची. कधी एका शब्दाची दुरुस्ती, कधी अर्ध्या ओळीची. अशा सोळाशेच्या वर दुरुस्त्या तिच्या नावावर लागल्या, आणि त्यातली एकही चारचौघांत सांगण्यासारखी नाही. आप्पा तिला लाडानं 'डागडुजी' म्हणत. "डागडुजी, आज कुठं कुठं पाणी गळतंय?" असं विचारत चहाला येत. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अक्षरं विरघळू लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच लिहून पाठवलं, की आजपासून हा ड्रायव्हर माझी सून सांभाळेल. सासऱ्याची गादी लेकाकडे न जाता सुनेकडे गेली. लेकाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, औषधाचं दुकान होतं आणि कॉम्प्युटरवर तो फक्त पत्ते खेळायचा. त्यामुळे भाऊबंदकी झाली नाही.

आता त्या तक्रारीची गोष्ट.

नदीकाठच्या एका चौकीतून मेल आला. लिहिणारी बाई पाण्याची पातळी नोंदवणारी कर्मचारी. तिनं लिहिलं होतं, की आमच्या पुलाखाली पातळी मोजणारं यंत्र आहे, ते तारेनं एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलंय. कधी कधी कॉम्प्युटर बहिरा होतो. यंत्र सांगत राहतं, हा ऐकत नाही, स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो. बंद करून चालू केला की ठीक. पण या वेळी तो बहिरा झाला तेव्हा पाणी चढत होतं आणि आम्हाला सहा तासांनी कळलं. पूल उशिरा बंद झाला. कुणाला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं. इतरांना विचारलं तर सगळे म्हणतात, मधूनमधून बंद करून चालू करत जा. कधी करू, हे कुणी सांगत नाही.

त्या मेलखाली सिस्टीमच्या दोघा-तिघांची उत्तरं आली होती. एक म्हणाला, तार खराब असेल. दुसरा म्हणाला, कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घ्या. तिसरा होता सगळ्यांत ज्येष्ठ तपासनीस. त्याला सून आणि आप्पा आपसांत 'खडूस' म्हणत. कुठल्या देशात राहतो, म्हातारा की मध्यमवयीन, काही माहीत नाही. बारा वर्षांत त्याचं सर्वांत लांब वाक्य चार शब्दांचं होतं. त्यानं लिहिलं, "पुन्हा घडवून दाखवा."

सुनेनं चौकीतल्या बाईला विचारलं, "कधीकधी म्हणजे नेमकं कधी? तारखा आहेत?"

होत्या. तिच्या आधीच्या माणसानं रजिस्टर नीट ठेवलं होतं. बहिरेपणाच्या तीन तारखा आणि त्याआधी कॉम्प्युटर सुरू केल्याच्या तीन तारखा. सुनेनं कागदावर मांडून वजाबाकी केली. पहिल्यांदा चारशे सत्त्याण्णव दिवस. दुसऱ्यांदा चारशे सत्त्याण्णव. तिसऱ्यांदाही तेच.

ती उठून बाल्कनीत गेली, दोरीवरचे कपडे उगाचच नीट केले आणि परत आली.

संध्याकाळी चहाला तिनं आप्पांना सांगितलं. आप्पांनी बिस्कीट बुडवता बुडवता हात थांबवला. "शंभर टिचक्या," ते म्हणाले. सिस्टीमच्या पोटात एक मोजणी चालू असते. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून सेकंदाला शंभर टिचक्या मोजत आकडा वाढत जातो. पण आकड्याला घरं ठरावीक. स्कूटरवरचा किलोमीटरचा काटा जसा नऊ-नऊ-नऊ झाला की गुपचूप शून्यावर येतो, तसा हाही भरला की शून्यावर येतो. कधी? सुरू केल्यापासून चारशे सत्त्याण्णव दिवसांनी.

"म्हणजे काटा उलटला की कुणाचा तरी हिशोब चुकतोय," सून म्हणाली. "पण कुणाचा, ते पाहायचं तर जवळजवळ पाचशे दिवस थांबायला हवं."

"वेडी का खुळी?" आप्पांचे डोळे चमकले. बिस्कीट चहात विरघळलं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "एक्स्चेंजमध्ये मीटर तपासायला आम्ही काय वर्षभर फोन लावत बसायचो? काटा हातानं फिरवून कडेला आणायचा आणि मग बघायचं. सुरुवातच अशी कर, की पाच मिनिटांत भरेल."

इतकं सोपं. तिला स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तपासणीच्या जुन्या कॉम्प्युटरवर तसंच केलं. आप्पा आत पडले होते. एक मिनिट, दोन, तीन. तारेवरून दुसऱ्या कॉम्प्युटरचे आकडे येत होते, स्क्रीनवर उमटत होते. पाचव्या मिनिटाला काटा उलटला आणि आकडे थांबले. तार बोलत होती, कॉम्प्युटर बहिरा. मग ती कोडमध्ये एकेक पायरी मागे जात राहिली, आणि तासाभरानं एका ओळीपाशी येऊन थांबली.

ओळ नऊशे बारावी. चौदाशेमधली.

त्या ओळीत आप्पांनी लिहिलं होतं, की आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी झाली की पुन्हा कान दे. सरळ, स्वच्छ, कुणालाही पटेल असं. फक्त काटा उलटल्यावर आत्ताची वेळ एकदम शून्याजवळ येते, ठरलेली वेळ तिकडे पलीकडच्या टोकाला राहते, आणि ती मोठी होण्याची वाट पाहत ड्रायव्हर बसून राहतो. दुरुस्ती अर्ध्या ओळीची होती: दोन वेळांची थेट तुलना न करता एकीतून दुसरी वजा करायची आणि फरक पाहायचा. तिनं ती केली. काटा उलटला, आकडे येत राहिले.

दुरुस्ती झाली. अडचण आता सुरू झाली.

या लोकांची एक पद्धत होती. प्रत्येक दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहायची: हा दोष पूर्वीच्या अमुक बदलातून आला. तिला सून आणि आप्पा 'उगमाची ओळ' म्हणत. त्या ओळीवर टिचकी मारली की मूळ बदल उघडतो, तारीख दिसते, करणाऱ्याचं नाव दिसतं. जगात कुणालाही, कधीही. पुसता येत नाही. तिच्या स्वतःच्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या अशा तेवीस ओळी होत्या, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. काम करणाऱ्याच्या हातून होणारच. पण आप्पांच्या नावाकडे बोट दाखवणारी एकही नव्हती. सत्त्याहत्तर वर्षांच्या, हात थरथरणाऱ्या माणसाकडे अभिमानानं सांगण्यासारखं आता एवढंच उरलं होतं. आणि ते पुसणार होती त्यांची डागडुजी.

रात्रीच्या भाजीसाठी शेंगा सोलताना तिनं नवऱ्याला सांगितलं. त्याला कोड कळत नसला तरी बाप कळत होता.

"ती ओळ लिहायलाच पाहिजे असा कायदा आहे का?" त्यानं विचारलं.

"कायदा नाही. नाही लिहिली तरी दुरुस्ती घेतात."

"मग गाळ की! कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला घोर? दुरुस्त झाल्याशी मतलब. बरं वाटलं की पेशंट विचारतो का, ताप कुठून आला म्हणून?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुझ्याकडे एखादं औषध खराब निघालं आणि कंपनीनं परत मागवलं, तर काय लिहून पाठवतात?"

"कुठल्या तारखेपासूनच्या बाटल्या, ते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी कुठल्या परत करणार? सगळ्या फडताळातच..." पुढचं त्याला बोलावं लागलं नाही.

नेमकं तेच होतं. नव्या सिस्टीममध्ये दुरुस्ती आपोआप जायची. पण चौकीतल्या त्या कॉम्प्युटरवर आठ वर्षांपूर्वीची आवृत्ती होती, त्याहून नवी त्याला पेलत नव्हती. जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या मागे नेणारी माणसं वेगळी. ती दिवसाला शेकड्यांनी दुरुस्त्या चाळत आणि उगमाची ओळ पाहूनच ठरवत, की हा दोष कुठपासून आहे आणि दुरुस्ती किती मागे न्यायची. ओळ नसेल तर दुरुस्ती नव्यातच राहणार. पुलाखालचा कॉम्प्युटर आणखी चारशे सत्त्याण्णव दिवसांनी पुन्हा बहिरा होणार.

"मी सांगू का बाबांना?" नवरा म्हणाला.

"तू काय सांगणार? तुला नऊशे बारावी ओळ तरी दाखवता येईल का?" ती म्हणाली, आणि त्याही स्थितीत दोघांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं एका आजोबांना दोनदा चुकीचं भिंग लावलं. "बाई, मघाचंही धूसर आणि हेही धूसर," आजोबा म्हणाले. "तुमचाच नंबर तपासा आधी."

घरी आली ती चप्पल काढून सरळ आप्पांच्या खोलीत. मनात जुळवलेली वाक्यं उंबऱ्याशीच गळून पडली.

"आप्पा, दोष सापडला. ओळ तुमची आहे."

आप्पांनी मांडीवरचं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. घडी नीट बसेना, ती पुन्हा केली.

"कुठली?"

"नऊशे बारा."

"पुन्हा तपास."

"आप्पा, मी..."

"पुन्हा तपास म्हटलं ना. माझ्यासमोर."

तिनं त्यांना हात धरून टेबलाशी आणलं, तपासणीचा कॉम्प्युटर सुरू केला. पाच मिनिटं दोघांची नजर आकड्यांवर होती. आप्पा स्क्रीनच्या इतक्या जवळ वाकले होते, की काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरत होतं. आकडे थांबले.

"तार हलली असेल."

तिनं तार बदलली. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा आकडे थांबले.

"आता तुझी दुरुस्ती घालून दाखव."

तिसऱ्या पाच मिनिटांत आप्पा तोंडातल्या तोंडात मोजत होते. काटा उलटला. आकडे येत राहिले, एकामागून एक. आप्पा मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस तिला होईना. ती कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

"आमचं एक्स्चेंज दर रविवारी पहाटे बंद करून चालू करायचे," आप्पा म्हणाले. आवाज साधा होता. "नेमच होता. आणि मी हे लिहिलं तेव्हाची ही सिस्टीम? महिनाभर न कोसळता चालली तर आम्ही एकमेकांना मेल करून कळवायचो. चारशे सत्त्याण्णव दिवस? तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझ्या डोक्यातच आलं नाही, की एवढा वेळ हे चालेल."

"हो आप्पा."

"हो काय? कळतंय का मी काय म्हणतोय? त्या चौकीत तीन वेळा ते तेवढं चाललं. न थांबता. माझ्या ओळीपर्यंत पोचायला कुणीतरी बाकी सगळं इतकं ठाकठीक ठेवावं लागतं. अठरा वर्षं तू त्या छपराला थिगळं लावत बसलीस, तुझ्यासारखे आणखी हजार जण बसले, म्हणून माझी चूक उघडी पडली. नाहीतर ती माझ्याबरोबरच गेली असती, आणि मी वर जाऊनही बढाया मारत बसलो असतो."

ती म्हणाली, "पाणी आणते."

"पाणी नको. लिही. उगमाची ओळ नीट लिही, तारखेसकट. आणि खाली तपासणाऱ्यात माझं नाव घाल. तीनदा तपासलंय मी, फुकट नाही."

तिनं लिहिलं. आप्पांनी एकेक शब्द वाचून घेतला. एका ठिकाणी तिनं 'क्वचित घडणारा दोष' असं मऊ करून लिहिलं होतं. "क्वचित कसला? दर चारशे सत्त्याण्णव दिवसांनी हमखास. खरं ते लिही," असं म्हणून त्यांनी ते बदलायला लावलं. मेल गेला. वर दोष, खाली दुरुस्ती, आणि एकाच माणसाचं नाव दोन्ही बाजूंना.

खडूसचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. नेहमीसारखं: "घेतली." पण त्याखाली आणखी एक ओळ होती, आणि ती तिनं आधी मनात दोनदा वाचली, मग मोठ्यानं: "ही फाईल बावीस वर्षांनी प्रथमच दुरुस्त झाली. ज्यानं लिहिली त्यानंच तपासली, असं मी इथं पहिल्यांदा पाहतो आहे."

"चार शब्दांच्या पुढे गेला की गं हा," आप्पा म्हणाले. "तब्येत बरी आहे ना त्याची?"

आठवड्याभरात दुरुस्ती मागे जात जात आठ वर्षांपूर्वीच्या आवृत्तीपर्यंत पोचली. चौकीतल्या बाईनं ती बसवली आणि सुनेनं सांगितल्याप्रमाणे काटा कडेला आणून पाहिला. तिचा मेल आला: "उलटला. ऐकू येतंय." दुसरं काही लिहिलं नव्हतं. सुनेनं तो आप्पांना वाचून दाखवला. आप्पांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"डागडुजी," ते म्हणाले, "ड्रायव्हरनं ठरलेल्या वेळेची वाट कशी पाहायची ते त्या काळी मीच इतरांना लिहून कळवलं होतं. माझं बघून बाकीच्यांनीही तसंच लिहिलं असणार. शोध."

तिनं शोधलं. सात ठिकाणं निघाली. पाच जणांची. त्यातले दोघे केव्हाच हे काम सोडून गेलेले, एक आता हयात नव्हता.

"यांच्या उगमाच्या ओळी लिहायच्या?" तिनं विचारलं.

"लिहायच्या. पण वर एक वाक्य टाक, की नमुना माझा होता. त्या बिचाऱ्यांनी नुसता गिरवला." आप्पांनी खुर्ची टेबलाशी ओढली. पाय घासल्याचा आवाज झाला, तशी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा आपटला. "आपट, आपट," आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. मग सुनेकडे वळले. "पहिलं कुठलं घेतेस?"

"छपाई यंत्राचं."

तिनं काटा पाच मिनिटं अलीकडे आणून ठेवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि नकळत आप्पांकडे पाहत राहिली. चष्मा नाकावर, मान पुढे, ओठ मोजणीत हलणारे. हे आपलं माणूस आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ते इतक्या ठसठशीतपणे आलं, की तिला जरा लाजल्यासारखं झालं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आप्पा म्हणाले. "काट्याकडे बघ."